चुकांची वही

“सगळे उपचार वेळेवर घेतले, पथ्य पाळलं, तरी परत का आला? माझं कुठे चुकलं?” स्तनाचा कॅन्सर उलटलेली बाई समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली की हा प्रश्न येतोच. आधी रडण्यात येतो, मग शब्दांत.

अशाच एक बाई. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिल्या वेळी ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग 5 वर्षं हार्मोन रोखणारी गोळी. आठव्या वर्षी पाठ दुखू लागली. वजन उचललं असेल, म्हणून महिनाभर मलम चोळलं. आजार मणक्यात पोचला होता.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. सुबक अक्षरात, नंबर घालून चुका लिहिल्या होत्या. 4 : गोळी दोनदा विसरले. 9 : जाऊबाईंशी अबोला धरला. 11 : मलम लावत बसले. एकूण सतरा.

मी काही खोडलं नाही. समुपदेशकानं “तुमची चूक नाही हो” म्हटलं, तर मनाला तो निव्वळ दिलासा वाटतो. “ही यादी डॉक्टरांना दाखवाल?” एवढंच विचारलं.

त्यांनी दाखवली, आणि डॉक्टरांनी खरंच वाचली. (सगळेच वाचत नाहीत.) त्यांनी सांगितलं ते असं : हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात काही पेशी सुरुवातीलाच गाठीतून निसटून हाडात वगैरे निपचित पडून राहू शकतात आणि दहा-पंधरा वर्षांनीही जाग्या होऊ शकतात. दोन गोळ्या किंवा एक अबोला याला कारण नाही. पुन्हा बायोप्सी करायची, कारण पेशींचा स्वभाव बदललेला असू शकतो आणि औषध त्यावर ठरतं. हाडात गेलेला आजार सहसा मुळासकट जात नाही, पण उपचारांनी आटोक्यात ठेवता येतो, अनेकींचा काही वर्षंसुद्धा. हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

त्या आठवड्यात बाई फार रडल्या. मला ते बरंच वाटलं.

खरा जाच घरच्यांच्या एका वाक्याचा होता : “मागे जिंकलीस, आताही जिंकशील.” म्हणजे आजार वाढला तर मी हरले, माझीच जिद्द कमी पडली! लोक हे प्रेमानं बोलतात, पण आजारी माणसाच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवतात. “खंबीर राहा म्हणू नका, तपासणीला सोबत चला,” असं घरी सांगायचा सराव आम्ही दोन भेटी केला. तिसऱ्या भेटीला नवरा सोबत आला, हातात रिपोर्टांची फाइल घेऊन.

वही त्यांनी फाडली नाही. उलटी करून मागून सुरू केली. तिथे आता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असतात : दात काढायचा असेल तर हाडांच्या इंजेक्शनचं काय? थकवा औषधाचा की रक्त कमी झाल्याचा? दर तीन महिन्यांनी स्कॅन. आधीचा आठवडा झोप लागत नाही, अजूनही. त्या आठवड्यात मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, हा त्यांचाच नियम.

परवा आल्या त्या खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाल्या, “मॅडम, आज कॅन्सरचं नाव काढायचं नाही. सुनेबद्दल बोलायचंय.”

पाऊण तास पुरला नाही.