१०० पानांची तांत्रिक पुस्तिका एक्सएमएलमध्ये लिहून तिची पीडीएफ आणि वेबपाने काढण्यासाठी कोणती मोफत साधने वापरावीत?

एकाच पुस्तिकेसाठी डॉकबुक ५ या पुस्तकलेखनाच्या एक्सएमएल रचनेत लेखन करावे, एक्सएसएलटीप्रॉक हे रूपांतराचे साधन आणि डॉकबुकच्या तयार स्टाइलशीट (रूपांतराचे नियम असलेल्या फाइली) वापरून वेबपाने काढावीत आणि पीडीएफसाठी अपाचे फॉप वापरावे. ही सर्व साधने मोफत आहेत. डॉकबुकची रचनाच प्रकरण, विभाग, तक्ता, सूची अशी पुस्तकाच्या अंगाने जाणारी असल्यामुळे सलग मजकुराला ती सहज बसते. डिटा ही दुसरी एक्सएमएल रचना मूळची आयबीएमची असून २००५ साली ती ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली; ती सुटे विषय लिहून ते अनेक पुस्तिकांत पुन्हा वापरण्यासाठी आहे. एकाच यंत्राची पाच मॉडेले असतील तर ती उपयोगी, एरवी तिचे नकाशे (कोणते विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे हे सांगणाऱ्या फाइली) सांभाळणे हेच वेगळे काम होऊन बसते. संपादक कोणताही चालेल, मात्र तो टंकन चालू असतानाच रिलॅक्स एनजी स्कीमाशी, म्हणजे कोणता टॅग कुठे चालतो याच्या नियमांशी, पडताळणी करणारा असावा. ईमॅक्स या संपादकातील एनएक्सएमएल ही एक्सएमएलसाठीची सोय हे काम चोख करते. मी स्वतः हीच जोडणी वापरतो.

मजकूर मराठी असेल तर फॉपची १.१ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्यावी, कारण जोडाक्षरांची योग्य मांडणी तेव्हापासून होऊ लागली. देवनागरी फॉन्टची नोंद फॉपच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये करून त्याच फॉन्टचे नाव स्टाइलशीटमध्ये मुख्य मजकूर आणि शीर्षके या दोन्हींसाठी द्यावे लागते. ते राहिले तर पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी ओळीने हॅशची चिन्हे उमटतात.