किटचा रेट एकदाच टाकला आणि नफा गेला

प्रश्न : ताई नमस्कार, रावेर तालुक्यात आमचं ठिबकचं दुकान आहे, गिऱ्हाईक सगळं केळीवालं. बिलिंगला नवीन सॉफ्टवेअर घेतलं, त्यात 'एक एकर केळी किट' नावाचा एकच आयटम बनवला आणि ३६,००० रेट टाकून दिला. मृगबागेच्या (पावसाळी केळी लागवडीच्या) सीझनला किट धडाधड गेले पण हिशोबाला बसलो तर हातात काहीच नाही, आणि स्टॉकमध्ये लॅटरल (ओळीतून टाकायची ठिबकची नळी) दिसते तेवढी गोडाऊनात सापडत नाही. त्यात कोणाची लागवड ५ फुटावर, कोणाची ६ वर. मुलगा म्हणतो प्रत्येकाचं वेगळं किट बनवू. काय करावं?

उत्तर : भाऊ, मुलाला आधी थांबवा. वेगवेगळे किट बनवत बसलात तर पुढच्या सीझनला चाळीस आयटम होतील आणि भाव बदलला की चाळीस ठिकाणी हात घालावा लागेल.

तुमचं किट कागदावर मांडून बघा. समजा लॅटरल २३,००० ची (खरेदी २१,५००), पाइप ७,००० चा (५,८००), फिल्टर ६,००० चा (४,२००), फिटिंग ४,००० चं (२,५००). सुटं विकलं तर ४०,०००, खरेदी ३४,०००, किट ३६,००० ला, म्हणजे २,००० सुटले. आता लॅटरल नुसती १० टक्क्यांनी महागली की खरेदी ३६,१५० वर जाते आणि तुम्ही प्रत्येक किटमागे १५० रुपये घरचे घालताय, पण स्क्रीनवर तोच ३६,००० दिसतोय म्हणून काउंटरवरच्या पोराला पत्ताच लागत नाही. तुमचं बहुतेक हेच झालंय.

म्हणून किटला स्वतःचा रेट देऊच नका. रेट सुट्या मालाला, किटची किंमत त्यांची बेरीज, आणि त्यावर जी काय सूट द्यायची ती टक्क्यात. ईआरपीनेक्स्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला प्रॉडक्ट बंडल म्हणतात, तिथे मुख्य आयटमचा, म्हणजे किटचा, स्टॉक ठेवायचाच नसतो, माल सुट्या आयटममधून कटतो, आणि सेलिंग सेटिंग्जमध्ये एक टिक आहे ती केली की बंडलचा रेट आतल्या आयटमवरून निघतो. ओडू या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीओएमचा (आत कोणता माल किती लागतो त्या यादीचा) किट प्रकार घेतला की स्टॉक तसाच सुट्या मालातून कमी होतो. तुमची लॅटरल गोडाऊनात का जुळत नाही त्याचं उत्तरही इथेच आहे, किट विकलं गेलं पण आतला माल कोणी कमीच केला नाही.

५ फूट-६ फुटाचं म्हणाल तर तो रेटचा नाही, मापाचा प्रश्न आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, ५ ने भागलं तर ८,७१२ फूट, म्हणजे साधारण २,६५५ मीटर लॅटरल. ६ फुटावर तीच २,२१३ मीटर. मीटरला ८-९ रुपये धरले तरी साडेतीन-चार हजारांचा फरक पडतो आणि ६ फूटवाल्याला तुम्ही ३६,००० च सांगितले तर तो शेजारच्या दुकानात जाईल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. तेव्हा किट एकच ठेवा, बिल करताना दोन ओळींमधलं अंतर आणि क्षेत्र विचारा, लॅटरलचे मीटर त्यावरून काढा, बाकी रक्कम आपोआप येईल. कोटेशनवर मात्र रेट आणि किती दिवस चालेल ती तारीख छापा, नाहीतर गिऱ्हाईक जुना कागद घेऊन येतं आणि वाद होतो.

सूट कशी वाटायची हेही सांगते, कारण चोपड्याच्या एका दुकानात याच्यावरून मी समोर भांडण बघितलंय. शेतकरी फिल्टर परत घेऊन आला, दुकानदार किती पैसे द्यायचे यावरच अडला. १० टक्के सूट प्रत्येक ओळीवर पडली असेल तर ६,००० चा फिल्टर ५,४०० चा, तेवढेच परत, विषय संपला. फक्त एक लक्षात ठेवा, अशी सरसकट वाटली की लॅटरल २०,७०० वर येते, खरेदीच्याही खाली, रिपोर्टमध्ये तिथे ८०० तोटा दिसेल. घाबरू नका, किट नफ्यातच आहे. पण तो आकडा बघून लॅटरलचा रेट वाढवायला जाऊ नका, सुटी लॅटरल नेणारं गिऱ्हाईक तुटेल.

आणि जीएसटी. वेगवेगळ्या दराच्या वस्तू, ज्या एरवी सुट्याही विकल्या जातात, त्या एकाच किमतीत बांधून दिल्या तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सगळ्यावर सर्वात जास्त दर लागू शकतो. मुख्य वस्तूसोबत ओघानेच जाणारा माल असेल तर मुख्य वस्तूचा दर. तुमचा संच कशात बसतो ते सीएकडून एकदा लेखी घ्या आणि मगच बिलाचा फॉरमॅट बदला, कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीच्या) आधी.