एम-सीलची मूर्ती कशावर करायची?

भाऊ, काचेवर किंवा स्टीलच्या ताटावर डायरेक्ट नको करू, एम-सील म्हणजे दोन भाग एकत्र मळून वापरायची एपॉक्सी पुट्टी, ती तिथं अशी धरते की सुकल्यावर काढताना मूर्तीचा पायच तुटतो, माझा गणपती तसाच गेला, अजून वाईट वाटतं. स्टेशनरीवाल्याकडची प्लास्टिक फाईल असते ना, पॉलिप्रॉपिलिनची, ती कापून टाइलवर चिकटपट्टीनं बसव, तिला पुट्टी चिकटतच नाही, आणि टाइल फिरवून चारी बाजूनं काम होतं. धुतलेली दुधाची पिशवी पण चालते, फक्त सुरकुत्या उमटतात. पुट्टी चिकटू नये म्हणून व्हॅसलिन लावणं टाळ, नंतर रंग धरत नाही. बोटाला अन् हत्याराला थोडं पाणी पुरतं. आपल्या जळगावच्या मे महिन्यात पुट्टी लवकर कडक होते, म्हणून दोन्ही भाग सारखे घेऊन थोडंच मळ, आणि हातमोजे घालच.