घरच्या वापरासाठी मिनी पीसी पुरेल का?

मिनी पीसी म्हणजे छोट्या डब्याएवढा कॉम्प्युटर. वीजबिल भरणं, मुलांचा अभ्यास, यूट्यूब, एवढंच असेल तर आरामात पुरेल. इंटेल एन१०० चिपवालाही चालतो. ती जेमतेम ६ वॉटची आहे, म्हणजे वीज कमी खाते. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) मात्र १६ जीबी बघा. काही मॉडेलांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग नंतर वाढवता येत नाही.

लोक फसतात ते आवाजात. मी डबा मॉनिटरमागे स्क्रूने बसवला, वायरी जोडल्या, गाणं लावलं तर सगळं चिडीचूप! स्पीकर ना त्यात, ना मॉनिटरमध्ये. शेवटी छोटे यूएसबी स्पीकर आणले. वेबकॅमचंही तसंच, वेगळा घ्यावा लागतो. कीबोर्ड-माऊस साधे वायरचे घ्या, सेल बदलायची कटकट नको. आणि ६०० व्हीएचा यूपीएस घ्याच. यात लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं.