बीपी असेल तर बाळंतपणातलं रक्त थांबवायचं कशानं?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना लागलाय. बीपी 150/100 निघालं म्हणून लॅबेटालॉलच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्या खेपेला वार पडल्यावर तिच्या अंगावरून इतकं गेलं की रक्त चढवावं लागलं. आता उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणतात, बीपीवाल्या बाईला रक्त थांबवायचं एक इंजेक्शन चालत नाही. ऐकल्यापासून घरात सगळे घाबरलेत. त्यात तिला हिवाळ्यात दमा उठतो. दीर आणि ती दोघं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. पुन्हा तसंच झालं तर डॉक्टर देणार तरी काय?
— एक वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, सिस्टर बरोबर बोलल्या. पण एक इंजेक्शन बाद झालं म्हणून उपाय संपत नाहीत.

त्याआधी दुसरं सांगते. पत्रात तुम्ही जाता जाता दम्याचं लिहिलंत, आणि माझं सगळं लक्ष तिथंच गेलं. दमा असलेल्या बाईला लॅबेटालॉलने छाती आवळू शकते. तिच्या डॉक्टरांना दम्याचं कुणी सांगितलेलं नसावं. गोळी मनाने बंद करू नका, बीपी एकदम उसळेल. उद्याच जाऊन सांगा. निफेडिपिनसारखी दुसरी गोळी देता येते.

आता रक्ताचं. वार सुटते त्या जागेच्या रक्तवाहिन्या गर्भपिशवी स्वतः आखडून बंद करते. पिशवी ढिली राहिली की रक्त थांबत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या जास्तीच्या रक्तस्रावाचं हेच सगळ्यात मोठं कारण. म्हणून बहुतेक औषधं पिशवी आखडवणारी असतात.

सिस्टर ज्याबद्दल बोलल्या ते मेथर्जिन. ते पिशवी घट्ट आवळतं, पण अंगभरच्या रक्तवाहिन्याही आवळतं. बीपी आधीच चढलेलं असेल तर ते आणखी भडकतं. झटका येऊ शकतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या जावेला ते नकोच.

दुसरं कार्बोप्रोस्ट. ते दम्यामुळे नको, कारण त्याने श्वासनलिका आवळतात. म्हणजे तिच्यासाठी दोन औषधं बाद. म्हणूनच दम्याचं लपून राहता कामा नये. बीपी लेबर रूममध्ये मोजलं जातंच. उन्हाळ्यात आलेल्या बाईचा हिवाळ्यातला दमा मात्र सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

उरलं काय? पहिलं आणि मुख्य ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्याबरोबर 10 युनिट स्नायूत देतात, रक्त जास्त जाऊ लागलं तर सलाईनमधून हळूहळू. बीपी असो, दमा असो, ते चालतं. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. आपल्याकडचा वैशाख आणि वीज जाण्याची तऱ्हा पाहता, हे वाचणाऱ्या सिस्टरांना माझी हात जोडून विनंती आहे : फ्रीजवर लक्ष ठेवा. दुसरं मिसोप्रोस्टॉल, 800 मायक्रोग्रॅम जिभेखाली. त्याने हुडहुडी भरते, ताप चढतो. घरच्यांनी घाबरू नये. तिसरं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. ते पिशवी आखडवत नाही, रक्ताची गाठ टिकवतं. 1 ग्रॅम, शिरेतून, सावकाश 10 मिनिटांत. 2017 साली छापून आलेल्या सुमारे 20,000 बायकांवरच्या अभ्यासात दिसलं, की बाळंतपणानंतर 3 तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटतात. उशीर झाला की तो फायदा राहत नाही. शिवाय पिशवी चोळणं, आत फुगा बसवणं, अगदीच वेळ आली तर ऑपरेशन, हे सगळं हाताशी असतं.

बीपीवाल्या बाईत एक फसवणूक होते. जिचं बीपी 160 असायचं, तिचं रक्त जाऊन 120 झालं की आकडा चांगला दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. नाडी जोरात पळतेय का, हातपाय गार पडलेत का, पॅड किती भिजलं, हे बघायला हवं. तुम्ही सोबत असाल तर हे सिस्टरांना विचारत राहा. विचारलं म्हणून कुणी रागावलं, तरी विचारा.

तिचं बाळंतपण रक्तपेढी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच करा. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय जवळ पडेल. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्या : बीपी, दमा, मागच्या खेपेला जास्त रक्तस्राव. हंगाम सुरू असला तरी तिला फडावर पाठवू नका. उचल घेतली असेल तर मुकादमाशी दिरांनी बोलावं, तो हिशेब नंतर होईल.

घरी आल्यावरही बीपी उतरलंच असं धरू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते चढू शकतं. आशाताईंकडून मोजून घ्या. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली दुखलं, किंवा एका तासात पॅड भिजून गेलं, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.