जामीन मंजूर, माणूस आत

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एसटी स्टँडवर होतो. कंडक्टरांच्या आरोळ्यांत निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. पण "सर, जामीन होऊन अकरा दिवस झाले, माणूस अजून आतच आहे" एवढं कळलं. रात्री झोप लागली नाही, कारण ही चूक मीही केलेली आहे. म्हणून निवांत लिहितोय.

वकिली सुरू करून तेव्हा मला तीन-चार वर्षं झाली असतील. यंत्रमागावरचा एक कामगार, मारामारीची केस. 2,000 रुपयांचा जामीन मंजूर झाला. मी डायरीत 'मंजूर' लिहून खाली रेघ मारली, त्याच्या म्हाताऱ्या आईला "सुटला तुमचा मुलगा" म्हणालो आणि पुढच्या कामाला लागलो. दीड महिन्यानं कोर्टाच्या व्हरांड्यात तो पोलीस पार्टीबरोबर दिसला. त्यानंच मला नमस्कार केला. जामीनदार उभा करायचा असतो, हे आईला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, वकीलसाहेब सुटला म्हणतात म्हणजे येईलच. तेव्हापासून माझ्या डायरीत जामिनाला दोन रकाने असतात. हुकूम कधी झाला आणि माणूस घरी कधी पोचला. तूही ते दोन रकाने आजच पाड.

आता तुझा पक्षकार. मोटारसायकल चोरीचा आरोप, याआधी एकही गुन्हा नाही. हुकूम आहे 15,000 रुपयांचा जातमुचलका, म्हणजे तारखेला येईन अशी त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. वाचायला किती साधं! पण जामीनदाराकडं काय मागतात ते बघ. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. कुंभारीकडं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत घरपट्टी स्वतःच्या नावावर असलेले किती जण असतील? मागावरचे सोबती त्याच्यासारखेच भाडेकरू. मालकाकडं सगळे कागद आहेत, पण तो म्हणतो, "चांगलाय पोरगा, पण सही नको." आणि सख्खा भाऊ तीन एकरांचा धनी, तर तो पलीकडं कर्नाटकात, अफझलपूर तालुक्यात. त्याच्याकडं सातबारा नाही, पहाणी आहे, तीही कन्नडमध्ये. बाहेरच्या राज्यातला जामीनदार चालत नाही असं तुला कोणीतरी सांगितलं आणि तू परत आलीस. तिथंच अडून बसायला हवं होतं.

मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचा 1978 चा निकाल मूळातून वाच, टिपणातून नको. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला होता. खालच्या कोर्टानं 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढं आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नको, दुसऱ्या भाषेतला कागद नको, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं विचारलं. आपल्या गावात निम्म्यांची सोयरीक कर्नाटक-तेलंगणात, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, कोर्टात मराठी. तो निकाल सोलापूरसाठीच लिहिलाय असं मला नेहमी वाटतं.

जुना म्हणून कोणी बाजूला सारला तर 31 जानेवारी 2023 चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश पुढं ठेव. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्यापर्यंत जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. त्यांनी त्याच्या घरच्या आणि कमाईच्या परिस्थितीचा अहवाल करून घेऊन कोर्टापुढं ठेवायचा, म्हणजे अट शिथिल करता येते. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबत असेल तर ती अट घालू नये, हेही त्यात आहे. तुझे अकरा दिवस झालेत. महिना भरायची वाट बघू नकोस. अट बदलण्याचा अर्ज आजच दे, आणि त्यातच तात्पुरत्या कॅश बेलची, म्हणजे तूर्त रोख रक्कम भरून सोडण्याची, पर्यायी मागणी कर, म्हणजे जामीनदार शोधायला चार आठवडे मिळतील. पण घरातले दागिने मोडून कॅश भरायला मात्र लावू नकोस.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटेल. "मॅडम, जामीनदार पाहिजे का?" रेशनकार्ड, पावती, फोटो, सगळं तयार. दर ठरलेला. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. कागद खोटे निघाले तर तू अडकशील, हे आहेच. त्याहून मला खटकतं ते वेगळंच. जामीनदार कशासाठी? माणूस तारखेला येईल, याची हमी त्याच्या ओळखीच्या कोणीतरी द्यावी म्हणून. या टपरीवाल्यानं आरोपीचं तोंडही पाहिलेलं नसतं. ओळखणारा भाऊ नाकारायचा आणि न ओळखणारा भाड्याचा घ्यायचा, असली ही तऱ्हा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा धंदा उघड, परवान्यावर चालतो. तिथला बेल बॉन्डवाला जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के घेतो, ते परत मिळत नाहीत. इलिनॉय राज्यानं तर 18 सप्टेंबर 2023 पासून पैशाचा जामीनच पूर्ण बंद केला.

तिकडचीच एक जुनी गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एक प्रयोग झाला. आरोपीला पैसे किती आहेत हे न विचारता, इथं किती वर्षं राहतोस, काम कुठं, घरी कोण, असं विचारायचं, पडताळायचं आणि मुळं पक्की असतील तर नुसत्या शब्दावर सोडायची शिफारस करायची. 1979 मध्ये हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी याच प्रयोगाचा दाखला दिला. बिहारच्या तुरुंगांत तेव्हा असे कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले कैदी होते, की दोषी ठरले असते तरी आत काढलेल्या काळाहून कमी शिक्षा झाली असती.

आज काय चित्र आहे? 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशात 5,73,220 कैदी, त्यांतले 4,34,302 कच्चे. सगळ्यांनाच सोडा असं मी म्हणत नाही. ज्याच्यापासून साक्षीदाराच्या जिवाला खरंच भीती आहे त्याचा जामीन कारणं लिहून नाकारावा. पण ती भीती खिशातले पैसे मोजून कशी कळणार? तसला माणूस संध्याकाळच्या आत दोन जामीनदार आणतो, हे तूही पाहिलं असशील.

थोडं दिवसांच्या हिशेबाचं. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात 60 दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे. एकसष्टावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं लिहीत जा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की पहिल्यांदाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायचं, इतरांना निम्म्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त केसेस चालू असल्या तर नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. हा तळाचा आधार आहे, तुझ्या माणसाला तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाहीये. 2023 ची केंद्राची गरीब कैद्यांची योजनाही माहीत असू दे, जिल्हा समितीमार्फत जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत त्यात ठेवली होती. चांगलीच आहे. पण सरकारनं आपल्याच कोर्टात पैसे भरून आपलाच कैदी सोडवायचा, त्यापेक्षा जातमुचलक्यावर सोडलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तो सुटल्यावर तुझं काम संपलं असं समजू नकोस. माझा एक पक्षकार जानेवारीतल्या तारखेला गैरहजर राहिला, वॉरंट निघालं. पळून गेला, असं सांगण्यात आलं. तो सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलत होता! सात नंदीध्वजांतल्या एकाखाली अख्ख्या सोलापूरनं त्याला पाहिला होता. तारीख विसरला, एवढंच. तेव्हापासून मी तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करतो. माणूस तारखेला यावा म्हणून मला ठाऊक असलेला सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

अर्जाला एवढं जोड. मागाच्या मालकाचं पत्र, किती वर्षं कामाला आहे ते लिहून. तो जामीनदार व्हायला घाबरतो, पत्राला नाही घाबरणार. लेटरहेड नसलं तरी चालेल, सही आणि फोन नंबर हवा. मुलीच्या शाळेचा बोनाफाईड. बायकोचं बिडी कामगाराचं कार्ड. भावाची पहाणी, सोबत मराठी भाषांतर. भाषांतराला पैसे मागितले तर माझ्याकडं पाठव, माझं कन्नड अजून गंजलेलं नाही. आणि त्याच्या बायकोला कोर्टात दिवसभर बसवू नकोस. बिड्या वळल्या तेवढीच तिची मजुरी. जमलं तर सकाळीच कोर्टाला विनंती करून केस लवकर पुकारून घे आणि तिला दुपारच्या आत मोकळं कर.

दुसरा रकाना भरलास की फोन कर. मी घरीच आहे.

तुझे
सर