निळे ड्रम घरात आलेत, आता करायचं काय?

प्रश्न : ताई, आमच्या ह्यांनी बेळगावच्या उद्यमबागेतनं, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतनं, २०० लिटरचे चार निळे ड्रम आणलेत, दोनावर लिक्विड ग्लुकोजचं लेबल आहे, दोनात कूलंट (यंत्रं थंड ठेवायचं तेलकट द्रव) होतं. प्यायचं पाणी भरलं तर चालतंय काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कूलंटच्या ड्रमात प्यायचं पाणी अजिबात नको बघा, गुरांचंसुद्धा नको! प्लास्टिक तेल आणि वास आत शोषून घेतं, साबणाने दहादा घासलं तरी झाकण उघडलं की वास येतोयच. ते दोन पावसाळ्यात वाळकी लाकडं, नारळाच्या शेंड्या ठेवायला घ्या, तुमच्याकडच्या पावसात चुलीला कोरडं जळण म्हणजे सोनंच की. कापणार असाल तर आधी दोन्ही बूच काढा, आत धुवा आणि हॅकसॉनेच कापा, गरम सुरी नको, वाफ पेट घेऊ शकते.

ग्लुकोजवाले मात्र गरम पाण्याने धुऊन एकात जीवामृत, म्हणजे शेताला घालायचं शेण-गोमूत्राचं पातळ खत, करा, माप जवळपास जुळतंय, २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, एका एकराला पुरतं. वरचं तोंड पूर्ण कापून घ्या, नुसत्या बुचातनं काठी फिरत नाही (आमच्या घरी हा प्रयोग झालाय, शेण निम्मं अंगणात). सावलीत ठेवा, वर गोणपाट टाका, घट्ट झाकू नका, गॅस होतो. दुसरा उभा चिरला की दोन मोठ्या कुंड्या, तळाला भोकं पाडून मेथी-कोथिंबीर लावा.